टाटावर जावं की परत यावं?

मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या कुटुंबाला एक गोष्ट करता येते, जी पुण्यात, नाशकात, नागपुरात किंवा पणजीत करता येत नाही. लाईट बिल जड वाटू लागलं तर ते कुटुंब वीज कंपनी बदलू शकतं. घर तेच राहतं, जिन्याखालची केबल तीच राहते, बहुतेकदा रस्त्यातली वायरही तीच राहते. बदलतं ते बिलावरचं नाव आणि दर. पश्चिमेला वांद्र्यापासून भाईंदरपर्यंत आणि पूर्वेला सायनपासून विक्रोळी-मानखुर्दपर्यंत लाखो घरांना ही मुभा आहे. ती मिळाली ऑक्टोबर २००९ मध्ये. मोबाईलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर सुरू झाली २० जानेवारी २०११ ला, म्हणजे त्यानंतर सव्वा वर्षाने.

तेव्हापासून सोसायटीच्या गेटवर, बँकेच्या रांगेत, लोकलच्या डब्यात एक प्रश्न अधूनमधून कानावर येतोच. "टाटावर जावं का?" २०१० च्या सुमारास त्याचं उत्तर बहुतेकांच्या तोंडी तयार होतं, कारण टाटा पॉवरचा दर उपनगरात तेव्हा वीज पुरवणाऱ्या रिलायन्सपेक्षा कमी होता. २०२४ च्या उन्हाळ्यात हाच प्रश्न उलटा झाला. १ एप्रिल २०२४ पासून टाटा पॉवरचे दर सरासरी २४ टक्क्यांनी वाढले आणि स्वस्त म्हणून तिकडे गेलेली घरं परतीचे अर्ज भरू लागली. वर्षभरात पुन्हा पान उलटलं. २८ मार्च २०२५ च्या आदेशांमध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने टाटा पॉवरच्या दरात सरासरी १८ टक्के, रिलायन्सच्या जागी आलेल्या अदानीच्या दरात १० टक्के आणि शहर भागातल्या बेस्टच्या दरात ९.८२ टक्के कपात सांगितली.

या येरझाऱ्यांमध्ये अनेकांचा गैरसमज झालेला दिसतो की अमुक कंपनी स्वस्त आणि तमुक कंपनी महाग. वीज वितरणात तसं काही नसतं. दर कंपनी ठरवत नाही, आयोग ठरवतो, आणि तो एका मुदतीसाठी ठरवतो. ती मुदत ३१ मार्चला संपते. शिवाय एकाच दरपत्रकात महिना ऐंशी युनिट जाळणारं घर फायद्यात आणि साडेचारशे युनिट जाळणारं घर तोट्यात असू शकतं. म्हणून "टाटावर जावं का?" या प्रश्नाला सगळ्या इमारतीसाठी एक उत्तर असूच शकत नाही. उत्तर प्रत्येक घराच्या बारा बिलांत असतं आणि ते दरवर्षी नव्याने काढावं लागतं. ही मेहनत कुणी टाळू नये असं मला कळकळीने वाटतं, कारण ती टाळणाऱ्यांच्या खिशातूनच इतरांच्या स्वस्ताईची भरपाई होते. कशी, ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

*

मुंबईला विजेचा इतिहास आहे तो तीन घरांचा. शहर भागात १९०५ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी, जी ऑगस्ट १९४७ मध्ये महापालिकेकडे आली आणि आज आपण जिला बेस्ट म्हणतो. उपनगरात १९२९ ची बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय, म्हणजे बीएसईएस. आणि या दोघांना घाऊक वीज पुरवणारी टाटांची कंपनी, जिचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं. पुढे भिवपुरी आणि भिरा आले. तिन्ही केंद्रांची मिळून क्षमता आज साडेचारशे मेगावॉटच्या आसपास आहे. या केंद्रांचा भांडवली खर्च कधीच वसूल झालेला असल्याने तिथली वीज स्वस्त पडते, आणि टाटांच्या एकूण खरेदीखर्चाला त्याचा आधार मिळतो.

ही स्वस्ताई ज्यांच्या जमिनीवर उभी आहे त्यांचं नाव बिलावर कुठे येत नाही. भिऱ्याला पाणी पुरवणाऱ्या मुळशीच्या धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांची भातखाचरं गेली. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला, तो याच धरणाविरुद्ध. मुंबईच्या विजेच्या दराविषयी बोलताना ही किंमतही मोजणीत धरली पाहिजे असं मी मानतो.

२००२-०३ मध्ये बीएसईएस रिलायन्सच्या ताब्यात गेली. त्याच काळात नवा विद्युत कायदा, २००३ आला, आणि टाटांनी आपल्या जुन्या परवान्यावर बोट ठेवलं. आमच्या परवान्यात फक्त घाऊक विक्री करा असं कुठेही लिहिलेलं नाही, आम्ही घरगुती ग्राहकालाही वीज विकू शकतो, असं त्यांचं म्हणणं होतं. रिलायन्सने विरोध केला. २००३ मध्ये आयोगाने टाटांना रोखलं, २००६ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणातही निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. शेवटी ८ जुलै २००८ ला सर्वोच्च न्यायालयाने टाटांच्या बाजूने कौल दिला. परवान्याच्या हद्दीतल्या कोणत्याही ग्राहकाला, मग तो दोन खोल्यांच्या घरातला का असेना, वीज विकण्याचा टाटांचा हक्क मान्य झाला.

पण हक्क मिळाला तरी वायर कुठे होती? उपनगरातलं जाळं होतं रिलायन्सचं. प्रत्येक गल्लीत दुसरी केबल पुरायची तर वर्षं लागली असती, आणि तो खर्चही अखेर ग्राहकाच्याच माथी बसला असता. १५ ऑक्टोबर २००९ च्या आदेशात आयोगाने यावर मार्ग काढला. ग्राहकाने वीज टाटांची घ्यावी, ती रिलायन्सच्या वायरीतून यावी आणि वायरीच्या वापराचं भाडं म्हणून ग्राहकाने रिलायन्सचा वहन आकार भरावा. यालाच चेंजओव्हर म्हणतात. ज्याच्या घरापर्यंत टाटांची स्वतःची केबल पोचते त्याचं होतं ते स्विचओव्हर. बोलताना लोक दोन्हींची सरमिसळ करतात, पण बिलात फरक पडतो, कारण वहन आकार दोन्ही जाळ्यांचा वेगवेगळा असतो.

बेस्टच्या हद्दीत मात्र हे दार उघडलं नाही. विद्युत कायद्याच्या कलम ४२(३) मध्ये आधीपासून वीज वाटणाऱ्या स्थानिक स्वराज्य संस्थेच्या जाळ्याला यातून वगळलेलं आहे. त्यामुळे माहीमच्या माणसाला बेस्टच्या वायरीतून टाटांची वीज मागता आली नाही आणि खाडीपलीकडच्या वांद्र्याच्या माणसाला मागता आली. भांडुप-मुलुंड महावितरणकडे असल्याने तिथल्या घरांनाही ही निवड नाही. एकाच महापालिकेला कर भरणाऱ्या नागरिकांमध्ये हा फरक आजही आहे.

*

उपनगरातल्या एखाद्या जुन्या सोसायटीची मीटरची खोली पाहण्यासारखी असते. जिन्याखालची ठेंगणी जागा, लोखंडी जाळीचं दार, आत लाकडी फळीवर ओळीने मीटर. प्रत्येकाखाली ऑईल पेंटने लिहिलेला खोली नंबर. एका मीटरवर टाटा पॉवरची पट्टी, शेजारच्यावर अदानीची, त्याच्या बाजूला एखादी रिलायन्सच्या काळातली पट्टी, कडा उचकटलेली. प्रत्येक मीटरवर लाल दिवा आपापल्या वापराच्या वेगाने लुकलुकत असतो. आणि या सगळ्यांना वीज येते ती खालच्या एकाच केबलमधून.

हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की बऱ्याच शंका मिटतात. टाटांची वीज अधिक ‘दाबाची’ असते, अदानीची वीज जास्त वेळा जाते, अशा गोष्टी आजही ऐकू येतात. चेंजओव्हर झालेल्या घरात तसा फरक पडण्याचं कारणच नाही. फेज गेला, केबल जळली तर दुरुस्तीला ज्याची वायर त्याचीच माणसं येणार, बिल कुणाचंही असो. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबईला येणाऱ्या उच्चदाब वाहिन्या कोलमडल्या तेव्हा बेस्ट, टाटा, अदानी या तिघांचेही ग्राहक एकदमच अंधारात गेले होते. कंपनी बदलून सेवा काही प्रमाणात बदलते, बिलाचा कागद बदलतो, तक्रार ऐकणारा माणूस बदलतो. वीज बदलत नाही.

म्हणजे बदलण्याचं खरं कारण एकच उरतं, पैसे. आणि तिथेच माणसं फसतात.

*

लाईट बिल उघडून बघा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यांवर १६ टक्के वीज शुल्क. बहुतेक जण शेवटचा आकडा बघतात, चुकचुकतात आणि भरून टाकतात. थोडे जण युनिटचा दर बघतात. पण युनिटचा दर एक नसतो. घरगुती वापराचे टप्पे आहेत, शंभरपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढचा. प्रत्येक टप्प्याला वेगळा दर.

खऱ्या दरपत्रकातले आकडे दरवर्षी हलतात, म्हणून इथे समजा म्हणून घेतलेले आकडे वापरतो. पहिली कंपनी शंभरपर्यंत ४ रुपये, पुढच्या दोनशेला ७ रुपये, तीनशेच्या वर ११ रुपये आकारते. दुसरी अनुक्रमे ५ रुपये, साडेसहा रुपये आणि साडेनऊ रुपये आकारते. वीज आणि वहन दोन्ही यात आले असं धरू.

महिन्याला ९० युनिट वापरणाऱ्या घराचं बिल पहिलीकडे ३६० रुपये होईल, दुसरीकडे ४५०. तीनशे युनिटांवर दोन्हीकडे बरोबर १८०० रुपये. आणि मे महिन्यात एसी चालवून ४५० युनिट जाळणाऱ्या घराचं पहिलीकडे ३४५०, दुसरीकडे ३२२५. मे महिन्याचं बिल हातात घेऊन हे घर विचार करतं, महिन्याला सव्वादोनशे वाचतात, वर्षाचे सत्तावीसशे झाले. अर्ज भरला जातो.

पण त्या घराचे बारा महिने मे नसतात. पावसाळ्यात, थंडीत त्याचा वापर १८० युनिटांवर येतो. तेव्हा पहिलीकडे ९६० रुपये झाले असते, दुसरीकडे १०२० होतात. म्हणजे महिना साठ रुपये जास्त. उन्हाळ्याचे तीन महिने ६७५ वाचले, उरलेल्या नऊ महिन्यांत ५४० गेले. वर्षाची खरी बचत १३५ रुपये. वीज शुल्क धरलं तरी दीडशेच्या घरात. सत्तावीसशेच्या आशेने घेतलेल्या निर्णयाचं हे फळ. आणि पुढच्या १ एप्रिलला दुसऱ्या कंपनीचा वरच्या टप्प्याचा दर रुपयाने चढला की हे दीडशेही उडून वर खिशातले जातात.

माझ्या मते या गणितातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तीनशे युनिटांची रेघ. आपलं घर वर्षातले किती महिने तिच्या वर असतं आणि किती महिने खाली, हे ज्याला ठाऊक आहे त्याला कुठल्याही जाहिरातीची गरज नाही. खऱ्या दरपत्रकात ती रेघ कदाचित तीनशेवर नसेल, अडीचशेवर किंवा चारशेवर असेल. ती शोधायची असते.

*

आता कळीचा प्रश्न. स्वस्त दर का संपतो?

२००९ मध्ये जे झालं त्यात याचं बरंचसं उत्तर आहे. जून २००९ मध्ये आयोगाने रिलायन्सला दरवाढ मंजूर केली. उपनगरात मोठी ओरड झाली, राजकीय पक्ष रस्त्यावर आले. महिन्याभरात आयोगाने ती वाढ स्थगित करून कंपनीच्या हिशेबाची तपासणी लावली. लोकांना हायसं वाटलं. पण वीज खरेदीचा खर्च तर होतच होता. स्थगिती सप्टेंबर २०१० पर्यंत राहिली आणि तेवढ्या काळात न वसूल झालेली रक्कम साचत गेली. या साचलेल्या रकमेला नियामक मत्ता असं भारदस्त नाव आहे. साधा अर्थ उधारी. ती व्याजासकट पुढच्या बिलांतून वसूल होते. पुढे रिलायन्सच्या ग्राहकांच्या बिलात त्या उधारीचे हप्ते येत राहिले.

नेमक्या त्याच काळात टाटांचा दर कमी होता आणि माणसं तिकडे जात होती. कोण जात होतं? ज्यांचा वापर जास्त ते आधी. कारण वरच्या टप्प्यांचा दर मुद्दाम चढा ठेवलेला असतो आणि त्या पैशातून खालच्या टप्प्यांना सवलत मिळते. वरची घरं निघून गेली की सवलतीचा भार उरलेल्यांवर येतो. रिलायन्सची तक्रार होती की टाटा वेचून वेचून मोठे ग्राहक घेतात. म्हणून २०११ मध्ये आयोगाने चेंजओव्हर करणाऱ्यांवरही परस्पर अनुदान अधिभार बसवला. जुन्या उधारीतला वाटाही त्यांच्यामागे गेला. टाटावर गेलेल्या माणसाला जेव्हा पहिल्यांदा हे आकार बिलात दिसले तेव्हा आपली फसवणूक झाली असं त्याला वाटलं. फसवणूक झालेली नव्हती. तो जी सोडून आला होता ती उधारी त्याने वीज वापरली त्याच काळातली होती. पण हे त्याला अर्ज भरतानाच सांगायला हवं होतं. ते कुणी ठळकपणे सांगितलं नाही, आणि नियामकाच्या कामातली मला ती मोठी उणीव वाटते.

ऑगस्ट २०१२ मध्ये आयोग आणखी पुढे गेला. टाटांनी ठरावीक अकरा विभागांत आपलं जाळं उभारावं आणि चेंजओव्हरसाठी तूर्त फक्त तीनशे युनिटांपर्यंतचे घरगुती ग्राहक घ्यावेत, असा आदेश निघाला. हेतू चांगला होता, लहान ग्राहकाला निवडीचा फायदा मिळावा. पण तो आदेश पुढे अपिलात टिकला नाही. एकंदरीत २००९ ते २०१४ या पाच वर्षांत निवडीचे नियम इतक्यांदा बदलले की घर चालवणाऱ्या माणसाने त्यांचा माग ठेवणं अशक्यच होतं.

स्वस्त दर संपण्याचं दुसरं कारण वीज खरेदीचं. रिलायन्सकडे स्वतःचं डहाणूचं केंद्र होतं, ५०० मेगावॉटचं. बाकीची वीज विकत घ्यावी लागे आणि त्यातली बरीचशी टाटांकडूनच येत असे. टाटा स्वतःच किरकोळ विक्रीत उतरले तेव्हा ती घाऊक वीज कुणाला द्यायची यावरून २०१० च्या उन्हाळ्यात वाद पेटला, राज्य सरकारला मध्ये पडावं लागलं. ज्याला बाजारातून महाग वीज घ्यावी लागली त्याचा दर चढला. पुढच्या वर्षांत चित्र बदललं. ग्राहक वाढल्यावर टाटांनाही जास्त वीज लागू लागली. रिलायन्सचा मुंबईचा धंदा ऑगस्ट २०१८ मध्ये अदानींकडे गेला, तीस लाखांच्या आसपास ग्राहकांसकट, आणि खरेदीचे नवे करार झाले. २०२४ ची टाटा पॉवरची वाढ हीदेखील मागच्या वर्षांत अपुऱ्या राहिलेल्या वसुलीची होती. कमी युनिटांच्या गटांना टक्केवारीत तो धक्का सरासरीपेक्षा जास्त बसला.

म्हणून कुणी "सध्या आमच्याकडे स्वस्त आहे" असं सांगितलं की मी विचारतो, मागची थकबाकी किती? ज्या कंपनीचा दर दोन-तीन वर्षं दाबून ठेवलेला आहे तिचा पुढचा आदेश जड असण्याची शक्यता जास्त. दर आदेशाच्या कागदपत्रांत हे सगळं उघड लिहिलेलं असतं.

*

आपल्याकडे ही निवड एका महानगराच्या अर्ध्या भागापुरती आहे. ब्रिटनमध्ये ती घरोघरी आहे आणि तिथल्या अनुभवातून आपल्याला शिकण्यासारखं बरंच आहे. हॅरोत, रेडिंगमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर ते रोजचंच.

तिथे १९९८-९९ पासून प्रत्येक घराला वीज पुरवठादार निवडता येतो. ग्राहक बहुधा वर्षा-दोन वर्षांचा बांधीव दर घेतो. मुदत संपली आणि त्याने काही केलं नाही तर कंपनी त्याला आपोआप साध्या, बदलत्या दरावर टाकते. अनेक वर्षं हा साधा दर चांगलाच महाग असे. जागरूक माणूस दरवर्षी कंपनी बदलून स्वस्तात राही आणि म्हातारी, एकटी, इंटरनेट न वापरणारी माणसं त्याच कंपनीत राहून जास्त भरत. निष्ठेची ही शिक्षा इतकी डोळ्यांवर आली की २०१८ मध्ये कायदा करून १ जानेवारी २०१९ पासून ऑफजेम या नियामकाने साध्या दराला कमाल मर्यादा घातली. बांधीव दराची मुदत संपण्याआधीच्या ४९ दिवसांत ग्राहक निघाला तर त्याच्याकडून करार मोडल्याचा दंड घेता येत नाही. नवा करार केल्यावर १४ दिवसांत मन बदलता येतं.

मग २०२१ चा शरद ऋतू आला. वायूचे भाव भडकले. ज्या लहान कंपन्यांनी पुढच्या महिन्यांची खरेदी आधी न करताच स्वस्त दराची आश्वासनं दिली होती त्या एकामागून एक बुडाल्या. पंधरा लाखांहून अधिक ग्राहक असलेली बल्ब नोव्हेंबर २०२१ मध्ये विशेष प्रशासनाखाली गेली. कुणाच्या घरातली वीज गेली नाही, नियामकाने ग्राहक दुसऱ्या कंपन्यांकडे सोपवले. पण त्या सोपवण्याचा खर्च सगळ्या देशाच्या बिलांवर वाटला गेला. ज्याने कधी कंपनी बदलली नव्हती त्यानेही तो भरला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरासरी घराची वार्षिक मर्यादा ३५४९ पौंडांवर जाणार होती, सरकारने मध्ये पडून ती २५०० पौंडांच्या आसपास धरली.

मुंबई आणि लंडनमध्ये यंत्रणा वेगळ्या, तरी एक गोष्ट दोन्हीकडे दिसली. खर्चापेक्षा कमी दराने विकलेल्या विजेची बाकी कुणीतरी भरतो, आणि तो बहुधा बदलण्याच्या शर्यतीत नसलेला माणूस असतो.

*

हे सगळं आता मुंबईपुरतं राहणार नाही, म्हणून या लेखाचा प्रपंच. ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत मांडलेल्या वीज दुरुस्ती विधेयकात एकाच जाळ्यावरून अनेक कंपन्यांना वीज विकू देण्याची तरतूद होती. ते विधेयक स्थायी समितीकडे गेलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने नवा मसुदा काढला, त्यातही सामायिक जाळ्याची कल्पना आहे. नवी मुंबई, ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यात समांतर परवान्यासाठी अदानींचा अर्ज आल्यावर महावितरणच्या कर्मचाऱ्यांनी जानेवारी २०२३ मध्ये ७२ तासांचा संप पुकारला होता, जो तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांशी चर्चा होऊन पहिल्याच दिवशी मागे घेतला गेला. त्यांची भीती तीच होती जी उपनगरात खरी ठरली. चांगलं बिल भरणारा ग्राहक आधी जाईल, मग शेतीपंपाची आणि गरीब घराची सवलत कोण उचलणार?

मी निवडीच्या विरुद्ध नाही. एकाच कंपनीच्या दावणीला बांधलेल्या ग्राहकाचं कुणी ऐकत नाही हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी जाऊन विचारा. पण सवलतीचा भार कुणी उचलायचा हे आधी ठरवून मगच निवड द्यावी. मुंबईत ते आधी झालं नाही, दोन वर्षांनी अधिभार लावून झालं, आणि त्याचे वाद वर्षानुवर्षं चालले.

*

आता उपनगरातल्या वाचकांशी थोडं कामाचं बोलतो.

कंपनी बदलायची तर अर्ज नव्या कंपनीकडे करायचा असतो. सोबत शेवटचं भरलेलं बिल आणि ओळखीचा पुरावा लागतो. जुन्या कंपनीची बाकी शून्य असावी लागते. त्यामुळे आधीच्या एखाद्या बिलावर वाद चालू असेल तर तो अगोदर मिटवा. बदलाच्या दिवशी मीटरचा आकडा नोंदवला जातो, तेव्हा घरातल्या कुणीतरी खाली जाऊन मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवावा. शेवटच्या बिलाचा वाद झाला तर तो फोटोच उपयोगी पडतो. जुन्या कंपनीकडची सुरक्षा ठेव परत मागा, ती आपोआप येईल या भरवशावर राहू नका. नव्या कंपनीकडे नवी ठेव भरावी लागेल, तिचा विचार बचतीच्या हिशेबात करा. बँकेतून आपोआप जाणारा हप्ता चालू असेल तर तो वेळेवर बंद करा. छतावर सौर पॅनेल असेल तर नेट मीटरिंगचा करार कुणाशी आहे आणि बदलानंतर त्याचं काय होणार हे लेखी विचारल्याशिवाय सही करू नका. परत यायचं झालं तर अटी काय, हेही त्याच वेळी विचारा. कंपनीकडून दारात आलेला मुलगा कितीही सभ्य असो, "इतके टक्के वाचतील" हे त्याचं वाक्य कागदावर मागा.

काही बिनसलं तर कंपनीच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येतं आणि तिथे समाधान झालं नाही तर विद्युत लोकपालाकडे. दोन्हींची तरतूद विद्युत कायद्यातच आहे.

आणि एक विनंती. दर ठरवण्याआधी आयोग जनसुनावणी घेतो. याचिका प्रसिद्ध होते, हरकती मागवल्या जातात, ऑनलाईनही बोलता येतं. मुंबई ग्राहक पंचायत, पुण्याची प्रयास यांसारख्या संस्था वर्षानुवर्षं तिथे अभ्यास करून उभ्या राहतात. सामान्य ग्राहक मात्र दरवाढ लागू झाल्यावर जागा होतो. तेव्हा फक्त अपील उरतं, आणि अपिलात कंपन्यांचे वकील असतात.

सध्याचे आदेश २०२५-२६ ते २०२९-३० या पाच वर्षांचे आहेत. ते दगडावरची रेघ नाहीत. महावितरणच्या आदेशाला तर काही दिवसांतच स्थगिती मिळाली आणि पुढे तो बदलला. तेव्हा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मागची बारा बिलं काढा, प्रत्येक महिन्याचे युनिट एका कागदावर लिहा, दोन्ही कंपन्यांची पुढच्या वर्षाची दरपत्रकं आयोगाच्या संकेतस्थळावरून घ्या आणि वहन आकार, स्थिर आकार धरून वर्षाचा आकडा काढा. फरक हजार-दोन हजारांचा येत असेल तर जरूर बदला. शे-दीडशेचा येत असेल तर आहे तिथेच राहा आणि पुढच्या मार्चमध्ये पुन्हा कागद घेऊन बसा. शेजारच्या ज्या आजींना हे जमणार नाही त्यांचीही बारा बिलं त्याच बैठकीत मांडा.